पाटीलबावा महादजी शिंदे : पानिपतानंतरची तेहतीस वर्षे

सेनापतींची चरित्रे सांगताना जिंकलेल्या लढायांची मालिका वाचकांपुढे ठेवण्याचा प्रघात आहे. महादजी शिंदे याचे चरित्र त्या रीतीने सांगू गेल्यास त्याच्या थोरवीचा निम्मा भाग सांगावयाचा राहून जाईल, असे आम्हांस वाटते. ज्या दिवसानंतर त्याच्या कर्तृत्वाचा उदय झाला, तो दिवस मराठी इतिहासातील सर्वांत मोठ्या संहाराचा होता. पुढेही १७८० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर आणि १७८७ साली लालसोटच्या रणांगणावर त्याचा डाव मोडला. तिन्ही वेळा तो उठला, आणि पूर्वीहून अधिक बळकट होऊन उठला. तो कशाच्या बळावर उठला व कोणाच्या हातांनी उठला, हे आमच्या वाचक कुटुंबांतील तरुण मंडळींच्या मनावर ठसावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शिंद्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड. महादजीचा पिता राणोजी हा थोरल्या बाजीरावाच्या पदरी साध्या चाकरीपासून चढत चढत माळव्याच्या प्रमुख सरदारांपैकी एक झाला. १७४५ साली तो वारला. त्याच्या मुलांपैकी जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी आणि महादजी ही नावे इतिहासास ठाऊक आहेत. महादजीचा जन्म १७३० च्या सुमाराचा. तो राणोजीचा औरस पुत्र नव्हे, असा आक्षेप त्याच्या विरोधकांनी पुढे घेतला आणि वारशाच्या भांडणात त्याचा भरपूर उपयोगही करून घेतला. जन्माचा हा डाग लोकांनी लावला. तो पुसण्यासाठी महादजीने कुळाची बखर लिहवून घेतली नाही. त्याने काम केले, आणि लोकांना आक्षेपाचाच विसर पडला.

त्या घराण्यावर मृत्यूने जणू वारी बांधली होती. १७५५ साली नागोरच्या वेढ्यात जयाप्पा दग्याने मारला गेला. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर अब्दालीच्या फौजेशी झुंजताना दत्ताजी पडला. पुढे वर्ष भरते न भरते तोच, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपताचा प्रलय झाला. त्यात तुकोजी गेला. जयाप्पाचा तरुण मुलगा जनकोजी, जो त्या वेळी शिंद्यांच्या दौलतीचा धनी होता, तो जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. एका पिढीत भरलेले घर एका संक्रांतीच्या सुमारास रिकामे झाले.

महादजी त्या दिवशी घोडीवरून दक्षिणेच्या वाटेस लागला होता. एका अफगाण स्वाराने त्याचा दूरवर पाठलाग केला, घोडी थकून खंदकात पडली, आणि त्या स्वाराने कुऱ्हाडीचा घाव घालून त्याचा उजवा गुडघा निकामी केला. अंगावरचे किडूकमिडूक काढून घेऊन तो निघून गेला व महादजी रक्ताच्या थारोळ्यात तसाच पडून राहिला. त्या वाटेने पळून चाललेल्यांची कमतरता नव्हती. परंतु ज्याने थांबून त्या जखमी माणसास उचलले, तो कोणी सरदार अथवा मानकरी नव्हता. तो राणेखान नावाचा एक भिस्ती होता, लष्करास पखालीने पाणी पुरविणारा. त्याने आपल्या बैलावर पखालीच्या जागी महादजीस घातले आणि शत्रूने व्यापलेल्या मुलखातून मजल दरमजल करीत दक्षिणेकडे आणले. महादजीचा पाय जन्माचा अधू झाला. राणेखानाचे ऋण मात्र त्याने इनाम देऊन फेडून टाकले नाही. त्याने त्यास भाई म्हटले, आणि या संबोधनाचा अर्थ पुढील तीस वर्षे आचरून दाखविला. राणेखान भाई शिंद्यांच्या फौजेचा सेनानी झाला. तो कसा, हे पुढे येईलच.

घरी परतलेल्या या लंगड्या वारसास दौलत सहज मिळाली नाही. राघोबादादाचा कल इतरांकडे होता, दरबारात वशिल्याची ओढाताण होती, आणि औरसपणाचा प्रश्न तर होताच. सात वर्षे महादजीने धीर सोडला नाही. अखेरीस माणसांची पारख असलेल्या थोरल्या माधवराव पेशव्याने १७६८ साली शिंद्यांची सरदारी त्याच्या नावे कायम केली. आमच्या मते माधवरावाच्या अल्प आयुष्यातील हा एक अत्यंत फलदायी निर्णय होय.

तीनच वर्षांनी त्याचे फळ दिसले. १७७१ च्या फेब्रुवारीत मराठी फौजांनी दिल्ली घेतली. रामचंद्र गणेश कानडे, विसाजी कृष्ण बिनीवाले, तुकोजी होळकर हे सरदार त्या मोहिमेत होते, आणि महादजी त्यांत अग्रभागी होता. अलाहाबादेस इंग्रजांच्या आश्रयाने राहिलेला बादशहा शाह आलम यास मराठ्यांनी आपल्या संरक्षणाखाली आणून जानेवारी १७७२ मध्ये दिल्लीच्या तख्तावर बसविले. ज्या दिल्लीच्या उंबरठ्याशी दत्ताजी पडला होता, तेथे अकरा-बारा वर्षांच्या आत त्याचाच भाऊ बादशहाचा पाठीराखा म्हणून उभा राहिला.

याच सुमारास पुण्याचे आकाश झाकोळले. माधवराव गेला, ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावाचा खून झाला, आणि राघोबाने पेशवाईच्या हव्यासापायी इंग्रजांचा हात धरला. १७७८ च्या अखेरीस मुंबईकरांची सुमारे चार हजारांची फौज राघोबास घेऊन बोरघाटाने वर चढली. महादजीने या वेळी जी युक्ती योजिली, ती आपल्या जुन्या गनिमी काव्याचा उत्तम मासला आहे. त्याने शत्रूस अंगावर येऊ दिले. पुढचा मुलूख ओस पाडला, चारा व धान्य जाळले, मागची कोकणची वाट तोडली. कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्यावरून मराठी माणसांनीच त्यास इष्टुर फाकडा हे नाव दिले आहे. इंग्रज तळेगावास पोहोचले तेव्हा गाव जळत होते व पोटास काही नव्हते. त्यांनी जड तोफा तळ्यात लोटून रात्रीच्या काळोखात माघार घेतली, परंतु वडगावास मराठ्यांनी त्यांना पुरते घेरले. जानेवारी १७७९ च्या मध्यास त्यांना शरणागतीचा तह लिहून द्यावा लागला. हाती आलेला राघोबा पुढे झाशीकडे नेला जात असता वाटेतून निसटला आणि पुन्हा इंग्रजांस मिळाला, ही त्या यशातील उणीव होय; ती झाकण्याचे कारण नाही.

इंग्रजांनी वडगावचा तह मानला नाही. लढाई उत्तरेकडे वळली आणि तेथे महादजीस धक्क्यामागून धक्के बसले. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री कॅप्टन पॉपहॅम याच्या लोकांनी शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. जो किल्ला अजिंक्य म्हणून हिंदुस्थानभर गाजला होता, तो पहाटेपूर्वी गेला. पुढल्या वर्षी माळव्यात कर्नल कॅमक याने त्याच्या छावणीवर रात्रीचा छापा घालून तोफा नेल्या. दुसरा एखादा सरदार नशिबाला बोल लावीत बसला असता. महादजीने दोन गोष्टी मनाशी बांधल्या. पहिली ही की, इंग्रजांशी सर्व आघाड्यांवर एकाच वेळी लढत राहणे मराठी राज्यास झेपणारे नाही. आणि दुसरी ही की, कवायती पायदळ व नेमका मारा करणारा तोफखाना यांच्यापुढे नुसते घोडदळ यापुढे पुरे पडणार नाही.

पहिल्या विचारातून १७ मे १७८२ चा सालबाईचा तह निघाला. या तहात महादजी केवळ मध्यस्थ नव्हता, तर दोन्ही पक्षांच्या वतीने तो पाळला जाण्याचा जामीनही होता. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई मराठ्यांस परत मिळाली, आणि राघोबाचा प्रश्न पेन्शन देऊन कायमचा मिटला. लढाईत हरलेला सरदार तहाच्या बैठकीत उभय राज्यांचा विश्वासपात्र ठरतो, हे मुत्सद्देगिरीचे कसब विरळाच दिसते. १७८३ साली त्याने ग्वाल्हेरचा किल्लाही परत घेतला.

दुसऱ्या विचारातून कवायती कंपू निर्माण झाले. सव्हॉय प्रांतातील शांबेरी गावचा द बॉयन नावाचा एक शिपाई नशीब काढण्यासाठी हिंदुस्थानात आला होता. महादजीने १७८४ साली त्यास चाकरीस ठेवून पहिल्या दोन पलटणी उभारण्यास सांगितले. तोफा ओतण्याचे काम आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराकडे दिले. येथे महादजीच्या दरबाराचे एक वैशिष्ट्य वाचकांनी लक्षात घ्यावे. त्याच्या फौजेचा एक प्रमुख राणेखान, म्हणजे भिस्त्याचा धंदा केलेला मुसलमान. दुसरा जिवबादादा केरकर, म्हणजे गोमंतकाकडून आलेला शेणवी बक्षी. तिसरा लखबादादा लाड, तोही शेणवी. अंबूजी इंगळे व रायाजी पाटील हे मराठे. द बॉयन हा फिरंगी. त्या काळी सरदारकी बापाकडून मुलाकडे जात असे आणि पंक्तीचा मान तलवारीहून मोठा समजला जाई. अशा काळात या माणसाने कामाची माणसे जेथे सापडली तेथून उचलली, आणि एकदा उचलल्यावर त्यांच्या पाठीमागे उभा राहिला. आमच्या समजुतीप्रमाणे हेच त्याच्या सेनापतित्वाचे मर्म होय. पुढील प्रसंगाने त्याची कसोटी लागली.

१७८४ च्या अखेरीस बादशहाने वकील-इ-मुतलक, म्हणजे साम्राज्याचा सर्वाधिकारी, हे पद पेशव्यास देऊन महादजीस त्याचा नायब नेमले. पद थोर, पण खजिना रिकामा. लष्कराचा पगार थकत चालला, आणि जयपूरकडील खंडणीच्या बाकीसाठी १७८७ साली त्यास राजपुतान्यात उतरावे लागले. २८ जुलै रोजी लालसोटजवळ जयपूर व जोधपूरच्या फौजांशी गाठ पडली. लढाईचा निकाल लागण्यापूर्वीच बादशाही सरदार फितूर झाले होते. त्यानंतर थकलेल्या पगारासाठी हिंदुस्थानी पलटणीही तोफांसह शत्रूस जाऊन मिळाल्या. एका आठवड्यात सर्वाधिकाऱ्याचे सैन्य निम्मे उरले. महादजीने उरलेले सैन्य न विसकटू देता डीगकडे मागे घेतले व वर्षअखेरीस तो चंबळेच्या दक्षिणेस आला. दिल्ली गेली, दुआब गेला. पुण्याची मदत येण्यास विलंब लागला. त्याचे दिवस भरले, असे बोलणारे त्या वेळी पुष्कळ होते.

या पडत्या काळात ज्यांनी त्यास सोडले व ज्यांनी धरून ठेवले, त्यांची नावे शेजारी शेजारी मांडून पाहावीत. पगारी पलटणी गेल्या, पिढीजात बादशाही उमराव गेले. लखबादादा आग्र्याच्या किल्ल्यात इस्माईल बेगाच्या वेढ्याशी महिनोन्महिने झुंजत राहिला. भरतपूरच्या रणजितसिंग जाटाने मैत्री टाकली नाही. द बॉयनच्या दोन पलटणी जागच्या हलल्या नाहीत. आणि जून १७८८ मध्ये आग्र्याबाहेर इस्माईल बेगाचा मोड करून वेढा उठविणाऱ्या फौजेचा नायक होता राणेखान. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्याने एका जखमी माणसास बैलावर घातले होते, त्यानेच आता त्या माणसाची दौलत खड्ड्यातून बाहेर काढली.

त्याच उन्हाळ्यात दिल्लीत अनर्थ घडला. नजीबखान रोहिल्याचा नातू गुलाम कादर याने लाल किल्ला ताब्यात घेऊन बादशाही कुटुंबाचे हाल मांडले आणि १० ऑगस्ट १७८८ रोजी शाह आलमचे डोळे काढले. राणेखान व जिवबादादा यांच्या फौजा ऑक्टोबरात किल्ल्यात शिरल्या. अंध बादशहास अन्नवस्त्र मिळाले व तो पुन्हा तख्तावर बसला. गुलाम कादर मेरठकडे पळाला, डिसेंबरात पकडला गेला, व पुढील मार्च महिन्यात त्यास देहान्त शिक्षा झाली. ती शिक्षा फार क्रूर रीतीने अमलात आली. त्या काळाचा न्याय तसा होता एवढेच म्हणता येईल. त्याचे कौतुक करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

लालसोटपासून महादजीने घेतलेला धडा पगाराचा होता. शिपाई उपाशी राहिला तर त्याच्या इमानाची परीक्षा पाहू नये, हे त्यास उमजले. द बॉयन मध्यंतरी चाकरी सोडून लखनौस नीळीच्या व्यापारात गुंतला होता. त्यास १७९० साली परत बोलावून महादजीने पूर्ण कंपू उभारण्यास सांगितले, आणि त्याच्या खर्चासाठी अलीगडच्या आसपासचा मुलूख तोडून दिला. यामुळे पगार दरमहा नियमाने मिळू लागला. परिणाम तत्काळ दिसला. २० जून १७९० रोजी पाटण येथे इस्माईल बेग व त्याचे राजपूत साथीदार यांचा, आणि १० सप्टेंबर रोजी मेडते येथे राठोडांचा पराभव झाला. मेडत्यास राठोड घोडेस्वारांनी तोफांच्या तोंडावर जे हल्ले चढविले, त्या शौर्याची आठवण त्यांच्या शत्रूंनीही ठेविली. लालसोटचे अपयश तीन वर्षांत धुऊन निघाले.

१७९२ च्या जूनमध्ये महादजी पुण्यास आला. बादशहाने दिलेले पद व वस्त्रे त्याने तरुण सवाई माधवरावास समारंभाने अर्पण केली. त्या भेटीत हत्तीवरून उतरून, सर्व मानकऱ्यांच्या खाली उभे राहून, काखेतील गाठोड्यातून नवे जोडे काढून त्याने पेशव्याच्या पायाशी ठेवले, असे परंपरेने सांगतात. आपल्या बापाची हीच चाकरी होती, असा त्याचा भाव होता. नाना फडणीसाच्या मंडळींस हे सोंग वाटले. आमच्या मते त्यात राजकारण होते आणि खरेपणाही होता. दिल्लीचा सर्वाधिकारी स्वतःस अखेरपर्यंत पाटील म्हणवीत असे व लोकही त्यास पाटीलबावा म्हणत. बीडच्या मन्सूरशाह फकिरावर त्याची श्रद्धा होती, आणि फुरसतीच्या वेळी तो अभंगरचनाही करी. हे सारे एका दिवसाच्या नाटकासाठी कोणी करीत नाही.

तथापि चरित्रलेखकाने केवळ आरती ओवाळू नये. नाना आणि महादजी या दोन समर्थ पुरुषांचे मन एकमेकांविषयी पुरते स्वच्छ कधीच झाले नाही, आणि त्याची किंमत राज्याने दिली. होळकरांशी असलेली चुरस तर रक्तावर गेली. १ जून १७९३ रोजी लाखेरी येथे शिंद्यांच्या कंपूंनी होळकरांच्या फौजेचा मोड केला. मराठ्यांच्या शिकलेल्या पलटणी मराठ्यांवरच चालल्या. त्या विजयाचा आनंद मानणे आम्हांस जमत नाही.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत महादजीचा अंत झाला. त्यास पुत्र नव्हता. भाऊ तुकोजीचा नातू दौलतराव, जो तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा होता, दौलतीचा वारस झाला. चुलत आजोबाच्या पलटणी, तोफा, किल्ले, मुलूख असे सर्व काही त्यास आयते मिळाले. एक गोष्ट मात्र वारशाने मिळाली नाही. माणूस ओळखण्याची व त्यास जपण्याची दृष्टी. महादजीच्या विधवांशी त्याने वैर मांडले, त्यातून यादवी पेटली, आणि आग्रा राखणारा लखबादादा त्या बायांच्या बाजूने दौलतरावाविरुद्ध उभा राहिला. द बॉयन १७९५ च्या अखेरीस चाकरी सोडून गेला. त्याच्या जागी आलेला पेराँ १८०३ साली, ऐन युद्धात, इंग्रजांच्या स्वाधीन झाला. इतर अनेक युरोपीय अधिकारीही निघून गेले. अलीगड, दिल्ली, असई व लासवारी या चार ठिकाणी त्या सालच्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात महादजीची फौज संपली. असई व लासवारी येथे शिपाई व गोलंदाज तोफेपाशी उभे राहून मेले, हे शत्रूनेही मान्य केले. शिपाई खरे निघाले. त्यांना एकत्र बांधणारा हात उरला नव्हता. महादजीने कंपू उभारले, परंतु आपल्यामागे ते चालविणारे एतद्देशीय अधिकारी तयार केले नाहीत. सर्व सूत्रे त्याच्या एकट्याच्या हाती होती आणि ती त्याच्याबरोबरच सुटली. ही उणीव थोर आहे. कोणतीही संस्था, ज्ञातीची असो वा राज्याची, चालविणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी.

आमच्या स्मरणिकेत आपल्या ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांचा परिचय दरवर्षी येतो व तो यावा, हे योग्यच आहे. आपल्या माणसांचा अभिमान धरणे यात काही वावगे नाही. परंतु महादजीचे चरित्र वाचताना वाटते की, अभिमानाबरोबर एक हिशेबही मांडून पाहावा. पानिपताच्या वाटेवर राणेखान थांबला, त्या वेळी पडलेला माणूस कोणत्या कुळाचा, याची चौकशी त्याने केली नाही. महादजीनेही त्यास सेनापती करताना पखालीची आठवण काढली नाही. त्या दोघांनी एकमेकांस जात विचारली असती, तर दिल्लीच्या तख्तावर अंध बादशहास पुन्हा बसविणारी फौज उभीच राहिली नसती.

वानवडीस महादजीची छत्री आहे. पुण्यास जाणे होईल तेव्हा आमच्या सभासद कुटुंबांनी मुलाबाळांसह ती पाहावी. तेथे पाटीलबावाची गोष्ट सांगताना लढायांची नावे विसरली तरी चालतील. राणेखान भाईचे नाव तेवढे सांगावयास विसरू नये.